बस्त्याआधीची खरेदी

लग्नाचा बस्ता बांधायला कुटुंब साडीच्या दुकानात शिरतं तेव्हा यादी तयार असते. नवरीचा शालू, हळदीची पिवळी, वरमाईची, करवलीची, मामीची आणि शेवटी मानपानाच्या वीस-पंचवीस. गादीवर साड्यांचा ढीग पडतो, चहा येतो, ‘हा काठ नको, तो पदर दाखवा’ असं दोन-तीन तास चालतं आणि बस्ता बांधला जातो. निवड कुटुंबाने केलेली असते. पण त्या गादीवर मुळात कोणत्या साड्या येतील, हे तीन-चार महिन्यांपूर्वी दुसऱ्याच कोणीतरी ठरवलेलं असतं. गिऱ्हाइकाला तो माणूस सहसा दिसत नाही. दिसलाच तर माळ्यावर, नुकत्याच आलेल्या गाठी फोडून मालावर किमतीच्या चिठ्ठ्या लावून घेताना.

लहान दुकानात हे काम मालक स्वतः करतात. मोठ्या दुकानात त्यासाठी खास माणूस असतो. साखळी दुकानांत त्यालाच ‘बायर’ म्हणतात. विक्री सगळ्यांना दिसते, जाहिरातही दिसते. दुकान तरणार की बुडणार याचा निकाल मात्र बहुतेक वेळा खरेदीतच लागलेला असतो.

हिशेब मांडून बघितला की हे पटतं. समजा, एका डिझाइनच्या शंभर साड्या ८०० रुपयांनी घेतल्या आणि १,२०० रुपये किंमत लावली. जीएसटी तूर्त बाजूला ठेवू. ८० हजार रुपये गुंतले. साठ साड्या पूर्ण भावाने गेल्या, ७२ हजार आले. मग मागणी थंडावली. पंचवीस साड्या ९०० रुपयांना काढाव्या लागल्या, त्यांचे २२,५०० झाले. उरलेल्या पंधरा सेलच्या ढिगात ५०० रुपयांनी गेल्या, त्यांचे ७,५००. एकूण १ लाख २ हजार. सुटले २२ हजार. आता खरेदीदार साठ साड्यांवरच थांबला असता तर? ४८ हजार गुंतवून २४ हजार सुटले असते. गुंतलेली रक्कम बरीच कमी आणि नफा जास्त.

व्यापारी अर्थातच त्याला साठवर थांबू देत नाही. ‘शंभर उचला, नगामागे वीस रुपये कमी लावतो,’ असं तो म्हणतो. वीस रुपये कमी झाले की शंभर साड्यांवरचा नफाही २४ हजारच होतो, पण त्यासाठी तीस हजार रुपये जास्त अडकतात आणि माळ्यावरची जागा जाते ती वेगळीच. नवशिका खरेदीदार वीस रुपये सुटल्याच्या आनंदात असतो. मुरलेला माणूस साठ घेतो आणि चालला तर रिपीट देशील का, किती दिवसांत देशील, हे आधी विचारून घेतो. उलटी चूकही महाग पडते. ऐन लगनसराईत चालता माल संपला तर गिऱ्हाईक थांबत नाही, शेजारच्या दुकानात जातं आणि बस्ता तिथेच बांधतं.

कधी किती घ्यायचं याचं उत्तर महाराष्ट्रात पंचांगात असतं. २०२५ मध्ये गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला आली. २०२६ मध्ये १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ आल्याने ती १४ सप्टेंबरला गेली आणि त्यामागोमाग दिवाळीही ढकलली गेली. दिनदर्शिका चाळणाऱ्याला हा अडीच आठवड्यांचा फरक वाटतो. खरेदीदाराच्या लेखी अख्खा हंगाम बदललेला असतो. अधिक महिन्यात लग्नं नाहीत, म्हणजे शालू आणि भारी साड्यांचा जोर मेच्या मध्याला थांबणार. मात्र याच धोंड्याच्या महिन्यात लेक-जावयाला घरी बोलावतात, जावयाला वाण देतात, लेकीला साडी घेतात. तेव्हा मधल्या किमतीचा, देण्याघेण्याचा माल हवा. मागच्या वर्षीच्या मेची बिलं समोर ठेवून या वर्षीची ऑर्डर देणारा इथे हमखास फसतो.

संक्रांतीचं गणित आणखी कडक आहे. काळी साडी एरवी सणाला वर्ज्य. जानेवारीत मात्र तिलाच मान. हळदीकुंकवं रथसप्तमीपर्यंत चालतात आणि त्यानंतर काळा रंग विचारणारं गिऱ्हाईक एकदम कमी होतं. म्हणून डिसेंबरात माल दुकानात लागला पाहिजे आणि रथसप्तमीला फडताळ रिकामं झालं पाहिजे.

आणि नवरात्र! महाराष्ट्र टाइम्सने नऊ दिवसांच्या नऊ रंगांची कल्पना रुजवली आणि बघता बघता बँका, शाळा, लोकलचे डबे एका रंगात दिसू लागले. यातले बहुतेक रंग वारांवरून ठरतात आणि शनिवारच्या वाट्याला येतो राखाडी. नवरात्रात एक शनिवार येणारच. २०२५ मध्ये तो २७ सप्टेंबरला होता. एरवी सणासुदीला राखाडी साडी मागणारी बाई विरळा, पण त्याच्या आदल्या दिवशी ‘ग्रे आहे का?’ म्हणून रांग लागते. किती राखाडी घ्यावी? कमी घेतली तर शुक्रवारी संध्याकाळी हात हलवत परत जाणारी गिऱ्हाइकं बघावी लागतात. जास्त घेतली तर तोच गठ्ठा पुढच्या नवरात्रापर्यंत सांभाळावा लागतो. जाणते खरेदीदार यावर मधला मार्ग काढतात. ते राखाडी अंगाची पण लाल किंवा राणी काठाची साडी घेतात, म्हणजे उरली तरी पुढे लग्नकार्यात खपते.

हा माल येतो कुठून? रोजच्या वापराच्या आणि मानपानाच्या साड्यांचं मोठं ठिकाण म्हणजे सुरत. तिथल्या रिंग रोड परिसरात कापडाची शंभराहून अधिक मार्केटं आहेत. एकेका इमारतीत मजल्यांमागून मजले नुसती दुकानं. कोरं कापड मागावर विणलं जातं, पांडेसरा-सचिन भागांतल्या गिरण्यांत रंगतं, छापलं जातं, मग त्यावर भरतकाम, टिकल्या, लेस लागते आणि घडी होऊन ते गादीवर येतं. बाहेरगावचा खरेदीदार बहुधा आडत्यामार्फत फिरतो. हा आडत्या दोन्ही बाजूंना ओळखतो, कोणाचा माल बरा आणि कोणाची पत किती हे त्याला पाठ असतं, आणि उधारीच्या व्यवहारात त्याच्याच शब्दावर माल सुटतो.

दुकानदार गादीवर साडी फेकतो, ती उलगडत जाते. अनुभवी माणूस तोंडातून अवाक्षर काढत नाही. आधी पदर बघतो, मग साडी उलटी करून मागचे धागे. एक कोपरा मुठीत धरून दाबतो आणि सुरकुती किती राहते ते पाहतो. पांढरा रुमाल ओला करून काठावर घासतो, रंग उतरतो का ते कळतं. ब्लाउज पीस जोडलेला आहे का, त्याला काठ आहे का, हे तपासतो, कारण गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न तोच असतो. साडी उचलून जिन्याजवळ, दिवसाच्या उजेडात नेतो. ट्यूबलाइटखाली जांभळा वाटलेला रंग बाहेर चॉकलेटी निघू शकतो. शेवटी लांबी. साडी साडेपाच मीटर आणि वर ब्लाउजचं कापड, असा सर्वसाधारण हिशेब. स्वस्त मालात याच लांबीला कात्री लागते. ठेंगणीला ते कळणार नाही, पण उंच बाईच्या निऱ्या कमी पडतात आणि ती त्या दुकानात पुन्हा येत नाही.

एवढं झाल्यावरही तो भाव विचारत नाही. आपल्या गावात ही साडी कितीला जाईल, हे तो मनात ठरवतो, त्यातून भाडं, पगार, व्याज, सेलमधली घट वजा करतो आणि आपल्याला ती कितीला परवडेल तो आकडा काढतो. मग विचारतो, ‘क्या भाव?’ समोरचा आकडा आपल्या आकड्याच्या वर गेला तर साडी कितीही देखणी असो, पुढची बघायची. खरी घासाघीस पुढे सेटवर होते. माल सहा किंवा आठ रंगांच्या सेटने मिळतो, त्यातले तीन-चार रंग धावतात आणि बाकीचे बसून राहतात. हिरवा, राणी, मोरपंखी जास्त मिळवायचे आणि न चालणारा रंग बदलून घ्यायचा, यात जे कौशल्य लागतं ते पाच रुपये कमी करून घेण्यापेक्षा कितीतरी मोलाचं.

येवल्याची खरेदी निराळी. तिथे सेट नाही, शंभर नगांचा लॉट नाही. हातमागावरची पैठणी नक्षीप्रमाणे काही आठवडे ते कित्येक महिने घेते. पदरावर बांगडी मोर हवा, काठ मुनियाचा हवा, रंग अमुकच हवा, तर खरेदीदाराने विणकराला आगाऊ पैसे देऊन वेळेत सांगायला हवं. लगनसराई तोंडावर आल्यावर गेलेल्याला मागावरून जे उतरलं असेल तेच मिळतं. २००४ पासून ‘होम मिनिस्टर’ या कार्यक्रमाने पैठणी घरोघरच्या गप्पांत आणली. मागणी वाढली आणि तिच्या पाठोपाठ यंत्रमागावरची ‘सेमी पैठणी’ही आली. सेमी विकण्यात गैर काही नाही. दोन हजारांत पैठणीची हौस भागते, आणि हौस भागवणं हेच दुकानाचं काम आहे. गैर आहे ते सेमीला हातमागाची म्हणून विकणं. ओळखण्याची पहिली खूण पदराच्या मागे असते. हाताने विणलेल्या पैठणीची नक्षी दोन्ही बाजूंनी जवळपास सारखी दिसते. यंत्रावरच्या साडीच्या पाठीला सुटे किंवा कातरलेले धागे लोंबतात. रेशमाच्या खात्रीसाठी सिल्क मार्क आहे, हातमागासाठी हँडलूम मार्क आहे. खरेदीदाराने तिथे डोळेझाक केली की काउंटरवरचा विक्रेता अजाणता खोटं बोलू लागतो, आणि त्याच भावाच्या स्पर्धेत खऱ्या विणकराचा माग बंद पडतो. एका खरेदीदाराच्या सहीमागे अशी घरं उभी असतात, याचं भान या पेशात फार जपायला हवं.

पैसे कधी देणार, हाही खरेदीचाच भाग. कापड बाजार पिढ्यान् पिढ्या उधारीवर चालला. साठ-नव्वद दिवसांची उधारी कोणाला नवी नव्हती. २०२३ च्या वित्त कायद्याने आणलेली आणि १ एप्रिल २०२४ पासून अमलात आलेली प्राप्तिकराची तरतूद यात मधे आली. माल बनवणाऱ्या नोंदणीकृत सूक्ष्म वा लघु उद्योगाचे पैसे ठरलेल्या मुदतीत, आणि लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत दिले नाहीत, तर तो खर्च त्या वर्षीच्या उत्पन्नातून वजा मिळत नाही. प्रत्यक्ष पैसे दिले जातील त्या वर्षी मिळतो. लेखी करार नसेल तर मुदत १५ दिवसांची. साहजिकच, समोरचा स्वतः विणतो की नुसता विकतो, त्याची नोंदणी कोणती, हे प्रश्न आता साडीचा पोत बघतानाच विचारावे लागतात.

वेळेवर पैसे देणाऱ्याला माल स्वस्त पडतो, हे किराण्याच्या धंद्यात डीमार्टने ठळकपणे दाखवलं. २००२ मध्ये पवईत पहिलं दुकान उघडलेल्या या साखळीची ओळखच पुरवठादारांचे पैसे लवकर चुकते करण्यासाठी आहे. त्या बदल्यात मिळणारी सूट ती गिऱ्हाइकापर्यंत पोचवते, माल भराभर हलतो आणि पैसा पुन्हा मोकळा होतो. उधारी लांबवून दोन पैसे वाचवल्याचं समाधान मानणाऱ्यांनी हा हिशेब एकदा नीट पाहावा.

सगळं बरोबर करूनही फासा उलटा पडू शकतो. २०२० चा गुढीपाडवा २५ मार्चला होता आणि देशभरची टाळेबंदी त्याच दिवशी सुरू झाली. पाडवा, अक्षय तृतीया आणि मेमधली लग्नं यांचा माल तेव्हा दुकानांत येऊन पडलेला होता, देणी डोक्यावर होती आणि शटर खाली होतं. अंदाज चुकण्यातून जगातल्या मोठ्या कंपन्याही सुटत नाहीत. २०१८ मध्ये एच अँड एम या स्वीडनच्या कपडे विक्रेत्याकडे सुमारे ४३० कोटी डॉलरचा माल न विकता पडून असल्याचं जाहीर झालं, तेव्हा जगभर त्याची चर्चा झाली. त्यांच्याकडे संगणक होते, तज्ज्ञ होते, आकड्यांचे डोंगर होते.

मोठ्या साखळी दुकानांत आता खरेदीचं काम विभागलं जातं. बायर माल निवडतो, प्लॅनर कोणत्या शाखेत किती नग जातील ते ठरवतो, तिसरा कोणी पुरवठादार धुंडाळतो. खारघरच्या निफ्टसारख्या संस्थांत फॅशन व्यवस्थापन शिकवतात आणि तिथून बाहेर पडणाऱ्यांत मुलींचं प्रमाण मोठं आहे. साडी नेसणाऱ्या बायका आणि खरेदी करणारे पुरुष, ही जुनी वाटणी त्यामुळे मोडते आहे, आणि ते चांगलं आहे. उंच बाईच्या निऱ्यांची अडचण त्यांना समजावून सांगावी लागत नाही.

गावच्या दुकानात मात्र वाट अजून जुनीच आहे. पोरगा आधी साड्यांच्या घड्या घालायला लागतो, मग काउंटरवर उभा राहतो, काही वर्षांनी शेठ त्याला सुरतेला सोबत नेतात. बिलाच्या संगणकात विकलेली प्रत्येक साडी नोंदली जाते. न विकलेली मागणी मात्र कुठेच नोंदली जात नाही. म्हणून काही दुकानांत काउंटरवर एक वही ठेवतात. गिऱ्हाइकाने काय मागितलं आणि आपल्याकडे नव्हतं, कोणती साडी उलगडून खांद्यावर घेऊन आरशात पाहिली आणि तरी परत ठेवली, किमतीमुळे की काठामुळे, हे विक्रेत्याने दोन शब्दांत लिहायचं. खरेदीला निघण्याच्या आदल्या रात्री खरेदीदार ती वही वाचतो. ‘आमसुली, बारीक काठ, हजाराच्या आत’ असं त्यात महिन्यात चारदा लिहिलेलं सापडलं, तर सुरतेत पहिल्या दुकानात तो तेच विचारतो.