कालामसुत्त आणि विज्ञानाचा वर्ग

कोसल जनपदातील केसपुत्त या गावी कालामांनी तथागतांपुढे आपली शंका मांडली. निरनिराळे श्रमण-ब्राह्मण येतात, स्वमताची थोरवी गातात आणि परमताची निंदा करतात. मग खरे कोणाचे मानावे? अंगुत्तर निकायाच्या तिक निपातातील या सुत्तात तथागतांनी ऐकीव वार्ता, परंपरा व ग्रंथप्रामाण्य यांच्याबरोबरच निव्वळ तर्क आणि गुरूविषयीचा आदर हेही पुरेसे आधार मानलेले नाहीत. सुत्ताचा मूळ विषय कुशल-अकुशलाचा आहे, पदार्थविज्ञानाचा नव्हे, हे खरे. तथापि तर्क व गुरू यांविषयीचे हे दोन इशारे विज्ञानशिक्षकाने नित्य स्मरावेत.

लंबकाचे उदाहरण घेऊ. एका दोरीला हलका व दुसरीला जड गोटा बांधावा; गोट्याच्या मध्यापर्यंत मोजलेली लांबी दोहोंची सारखी असावी. जड गोटा लवकर परतेल, असे तर्काने वाटणे स्वाभाविक आहे. शिक्षकाने योग्य उत्तर फळ्यावर लिहून दिले, तर एका ऐकीव मताच्या जागी दुसरे ऐकीव मत येते, इतकेच. त्याऐवजी मुलांनी आपला अंदाज प्रथम वहीत लिहावा, झोके लहान ठेवून दहा आंदोलनांचा काळ मोजावा, त्यास दहाने भागावे व प्रयोग पुन्हा करून पाहावा. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. लांबी १ मीटर असता एका आंदोलनास सुमारे २ सेकंद लागतात. वजन बदलले तरी काळ तोच राहतो. लांबी २५ सेंटीमीटर केली, की तो सुमारे १ सेकंद होतो. चुकलेला अंदाज मात्र खोडू नये. आपले मत कशामुळे बदलले, याची ती नोंद होय.

मध्य प्रदेशात १९७२ साली १६ शाळांत सुरू झालेल्या होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमात मुले गटागटाने प्रयोग करीत. परीक्षेत पुस्तक उघडण्याची मुभा असे आणि प्रयोगकौशल्यही तपासले जाई. २००२ साली राज्य शासनाने तो कार्यक्रम बंद केला. तथापि त्यातील बोध टिकाऊ आहे: परीक्षा पाठांतराचीच राहिली, तर प्रयोग शोभेपुरता उरतो.

१९७६ साली संविधानात समाविष्ट झालेल्या अनुच्छेद ५१-क ने वैज्ञानिक दृष्टिकोनाचा विकास हे नागरिकांचे मूलभूत कर्तव्य ठरविले. शिक्षक सांगतात म्हणून मानणारे मूल उद्या बुवा सांगतो म्हणूनही मानील. म्हणून 'सर, हे कशावरून?' असे विचारणाऱ्या विद्यार्थ्यास उद्धट न समजता त्याच्या हाती दोरी आणि गोटा द्यावा.