१२०० किलोमीटर, ९० तास : पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिसमध्ये आपले सायकलवाले नेमके कुठे अडकतात?

तुमच्या ओळखीत एखादा सायकलवेडा असेल, तर 'पीबीपी' हा शब्द कधीतरी कानावर पडला असेल. पीबीपी म्हणजे पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस. पॅरिसजवळून निघायचं, फ्रान्सच्या पश्चिम टोकाला ब्रेस्ट या बंदराच्या शहरात पोचायचं आणि सायकलवरच परत यायचं. अंतर सुमारे १२०० किलोमीटर, वेळ जास्तीत जास्त ९० तास.

हिशोब केला तर ताशी साडेतेरा किलोमीटरसुद्धा पडत नाहीत. किरकोळ वाटतं ना? पण तुम्ही जेवताना, झोपताना, पंक्चर काढताना, कंट्रोलवर रांगेत उभे असतानाही घड्याळ चालूच असतं. खरी मेख तिथे आहे.

हे प्रकरण टूर द फ्रान्सपेक्षा जुनं. सुरुवात १८९१ ची, तेव्हा ती खरीखुरी शर्यत होती. आज पहिला-दुसरा नंबर नसतो, वेळेत पोचलात की झालं. चार वर्षांतून एकदाच होते. मागची २०२३ मध्ये झाली, पुढची २०२७ मध्ये. (चाकाच्या आकाराची 'पॅरिस-ब्रेस्ट' नावाची पेस्ट्रीही याच राइडवरून आली.)

पैसे भरले आणि गेलो, असं मात्र चालत नाही. त्याच वर्षी २००, ३००, ४०० आणि ६०० किलोमीटरच्या बीआरएम वेळेत पूर्ण कराव्या लागतात. ६०० साठी मिळतात ४० तास. पुणे, मुंबई, नाशिकमध्ये या बीआरएम होतात, त्यामुळे पात्र होण्यासाठी परदेशात जावं लागत नाही. २०२३ च्या वेळी आदल्या वर्षी जितकी लांब बीआरएम केलेली, तितकी नोंदणी आधी खुली झाली होती. म्हणजे तयारी दोन वर्षांची धरा.

आता मुद्द्याचं. भारतातून शेकडो जण जातात आणि त्यातल्या बऱ्याच जणांची राइड अर्धवट राहते. एसआर झालेली ही माणसं, पाय कच्चे नसतात. मग होतं काय?

एक म्हणजे रस्ता. या मार्गावर कसारा किंवा खंबाटकीसारखा घाट नाही. सगळ्यात उंच जागासुद्धा लोणावळ्यापेक्षा खाली. पण सपाट रस्ताही जवळपास नाही. चढ, उतार, पुन्हा चढ. या छोट्या चढांची बेरीज १० हजार मीटरच्या वर जाते, म्हणजे एव्हरेस्टच्या उंचीपेक्षा जास्त.

दुसरं, थंडी. ऑगस्ट असला तरी पहाटे पारा एक आकडी होऊ शकतो. आपण सराव करतो तो उकाड्यात. अंग घामाने भिजलेलं, त्यात गार वारा, आणि दोन रात्री धड झोप नाही. सायकल चालवताना डुलकी लागते ती इथे.

झोपेचं गणित तर सुरुवातीलाच बिघडतं. ९० तासांचे बहुतेक गट रविवारी संध्याकाळी सुटतात. उन्हाळ्यात फ्रान्स आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे. तिथे रात्रीचे आठ वाजले, तर नुकत्याच उतरलेल्या शरीरासाठी ते साडेअकरा. म्हणजे झोपायच्या वेळी पॅडल मारायला सुरुवात. मला विचाराल तर महागडी चाकं घेण्यापेक्षा तो पैसा चार दिवस आधी पोचण्यावर घालवावा. तेवढ्यात रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवायची सवयही होते. चौकात डावीकडे वळताना आपला हात आणि डोकं हमखास गोंधळतं.

कागदपत्रांचं थोडक्यात : शेंगेन व्हिसासाठी प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. किमान ३० हजार युरोचा वैद्यकीय विमा लागतो. पण त्या विम्यात अशा सायकलिंगमधली दुखापत धरली आहे का, हे बारीक अक्षरांत वाचा. अनेक पॉलिसींमध्ये ती नसते.

आणि खाण्याची काळजी कंट्रोलपुरतीच करा. मधल्या गावांत लोक रात्री-अपरात्री घरासमोर टेबल मांडून कॉफी, पाणी, केक घेऊन बसलेले असतात. बरेच जण पैसेही घेत नाहीत. फक्त तिथे किती वेळ बसायचं, ते आधीच ठरवून ठेवा.