प्रश्न हसणाऱ्यांना विचारा

वर्गात चिडवणारा एखादाच असतो, हसणारे मात्र पुष्कळ. फिनलंडच्या क्रिस्टिना सॅल्मिव्हाली यांनी 1996 साली या घोळक्यातल्या सहा भूमिका मांडल्या: त्रास देणारा, सोसणारा, साथीदार, खिदळून चेव चढवणारा, मध्ये पडणारा आणि नामानिराळा राहणारा. तिथल्या शाळांतला 'किवा' उपक्रम मुख्यतः या बघ्यांवरच भर देतो. आपल्याकडे बदलापूरच्या शाळेतल्या अत्याचार प्रकरणानंतर चर्चा सीसीटीव्हीपाशी अडकली. पण मधल्या सुट्टीत पडलेलं टोपणनाव कॅमेऱ्यात कसं दिसणार?

बघ्यांना बोलतं करण्याची कला वऱ्हाडात जुनी आहे. शेंडगावात 1876 साली जन्मलेले आणि मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्याला मामाकडे वाढलेले गाडगेबाबा कीर्तनात उपदेश कमी करत, विचारत जास्त. कर्ज काढून सण करावा का? देवापुढे बोकड कापावा का? शिवाशीव पाळावी का? उत्तर श्रोत्यांनीच द्यायचं, आणि दिलं की त्यातच अडकायचं. नोव्हेंबर 1956 मधल्या त्यांच्या वांद्र्याच्या कीर्तनाचं ध्वनिमुद्रण शिक्षकांनी एकदा ऐकावंच. ब्राझीलच्या ऑगस्तो बोआल यांचं फोरम थिएटर 1970 च्या दशकातलं. त्यात प्रेक्षक नाटक थांबवून स्वतः रंगमंचावर येतो. बाबांनी प्रेक्षकाला जागेवरच पकडलं होतं.

वर्गात हे दोन्ही सहज जमेल. खेड्यातून एसटीनं येणारा मुलगा 'मले' म्हणतो, मागच्या बाकावरून नक्कल होते, वर्ग फुटतो. एवढाच प्रवेश मुलांनी वऱ्हाडीतून करायचा. मग कीर्तनकार झालेली मुलगी चिडवणाऱ्याला सोडून वर्गाकडे वळते: "हासले कोन? काहून हासले?" उत्तरं आली की प्रवेश पुन्हा होतो आणि या वेळी हसणाऱ्यांपैकी कोणीतरी मध्ये पडून बघतो. पथ्य एकच: वर्गात खरोखर घडलेली घटना आणि खरं नाव घ्यायचं नाही, नाहीतर त्या पोराचा दुसऱ्यांदा तमाशा होतो.

परंपरेत सगळंच सोनं नाही. दंडार, खडी गंमत या लोकनाट्यांतले विनोद कित्येकदा तोतऱ्यावर, लंगड्यावर, बायकी चालीवर बेतलेले असतात. ते जसेच्या तसे शाळेत आणले तर चिडवायला नवा माल मिळेल. गाडगेबाबांच्या जयंतीला हातात खराटा देऊन केलेली वेशभूषा स्पर्धा तर निव्वळ फोटोपुरती.

पहिली ते आठवीसाठी 2024 पासून 'आनंददायी शनिवार' हा शालेय उपक्रम आहे. या प्रयोगासाठी वेगळा तास मागायला नको. मारहाण, पैसे उकळणं, अंगाशी लगट यांना मात्र नाटकाचा उतारा नाही. ती तक्रार थेट मुख्याध्यापकांकडे आणि शाळेच्या सखी सावित्री समितीकडे जायला हवी, त्याच दिवशी.