रेघेची शिस्त संगणकात कशी उतरावी?

घर बांधावयाचे म्हटले की आधी कागद येतो, मग वीट येते. त्या कागदावर ज्याने रेघा ओढल्या तो बांधकामावर हजर नसतो; आणि ज्याने त्या वाचावयाच्या, त्या गवंड्याची व नकाशा काढणाऱ्याची गाठ बहुधा पडत नाही. या दोघांतील संभाषण बिनचूक व्हावे म्हणून रेखनाचे नियम ठरले. त्यांनाच आपण मानके म्हणतो. आता नकाशे संगणकावर होतात. तेव्हा या मानकांचे काय करावयाचे, हा प्रश्न एकट्या वास्तुविशारदांचा नाही. घर बांधणाऱ्या प्रत्येक कुटुंबाचा आहे.

बडोद्याला तंत्रशिक्षणाची परंपरा जुनी आहे. श्रीमंत सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने कलाभवन निघाले ते १८९० साली. टी-स्क्वेअर, गुण्या, ट्रेसिंग पेपर आणि शाईची पेने यांवर ज्यांची उमेद गेली, असे ड्राफ्ट्समन आपल्या समाजातील कित्येक घरांत निघतील. त्यांच्या हातात एक नियम मुरलेला असतो: छेदात कापला गेलेला भाग जाड रेघेने, पलीकडे दिसणारा बारीक रेघेने, आणि झाकलेला किंवा डोक्यावर असलेला तुटक रेघेने दाखवावा. भारतीय मानक ब्यूरोच्या आय. एस. ९६२ या संहितेत इमारतींच्या नकाशांचे असे संकेत ग्रथित आहेत. तिची सुधारित आवृत्ती १९८९ ची आहे.

या संकेतांमागे केवढा विचार होता, ते एका उदाहरणावरून ध्यानी येईल. शाईच्या पेनांची जाडी ०.२५, ०.३५, ०.५, ०.७ मिलिमीटर अशी चढत जाते. प्रत्येक जाडी आधीच्या जाडीच्या सुमारे १.४ पट. कागदांच्या मापांतही हेच प्रमाण आहे. त्यामुळे ए-१ कागदावरील नकाशा लहान करून ए-२ वर छापला, तर ०.७ ची रेघ आपोआप ०.५ ची होते, आणि त्याच संचातील पेनाने तीवर दुरुस्ती करता येते. अक्षरांची उंचीही २.५, ३.५, ५, ७ अशीच.

१९८२ साली ऑटोकॅड आले आणि लाकडी फळ्याची जागा काचेच्या पडद्याने घेतली. तरी रेघ ओढणारा मनुष्यच होता. खरा पालट पुढचा. हंगेरीतील आर्किकॅड आणि २००० साली आलेले रेव्हिट यांसारख्या प्रणालींत नकाशा काढीतच नाहीत; भिंती, दारे, जिने यांची त्रिमिती प्रतिकृती उभी करतात, आणि तळमजल्याचा आराखडा किंवा छेद तीतून आपोआप निघतो. जिना बदलला की सर्व पानांवर बदलतो. ही सोय लहान नव्हे.

परंतु यंत्राला इमारत ठाऊक असते, वाचणारा ठाऊक नसतो. बारा मिलिमीटरचा गिलावा प्रतिकृतीत असतोच. १:१०० प्रमाणात तो ०.१२ मिलिमीटरचा होतो, आणि अशा दोन-तीन रेघा एकत्र आल्या की कागदावर काळा डाग पडतो. ड्राफ्ट्समन ती रेघ मुळातच गाळीत असे. आराखडा साधारणपणे जमिनीपासून सव्वा मीटरवर कापल्याचे मानतात. त्याच्या वरचा माळा किंवा तुळई यंत्र आपणहून दाखवीलच असे नाही. जुन्या हाताने तेथे तुटक रेघ न चुकता दिली असती. रंगांचाही असाच घोटाळा. ऑटोकॅडमध्ये पडद्यावरील रंगावरून छापील रेघेची जाडी ठरविण्याची वहिवाट पडली; उलट नॅशनल बिल्डिंग कोडच्या संकेतानुसार मंजुरीच्या नकाशात तांबडा रंग म्हणजे नवे काम आणि पिवळा म्हणजे पाडावयाचे काम. एकाच तांबड्याचे असे दोन अर्थ झाले.

मग उपाय कोणता? आमच्या मते जुन्या नियमांची तीन भागांत विभागणी करावी. ज्यांत अर्थ आहे ते जसेच्या तसे ठेवावेत: कापलेले जाड, दिसणारे बारीक, वरचे तुटक. ज्यांत केवळ साधन होते ते बदलावेत. रेव्हिटमध्ये रेघांच्या जाडीला एक ते सोळा क्रमांक असतात, आणि निरनिराळ्या प्रमाणांसाठी त्या जाड्यांचे कोष्टक भरता येते. पेनांचा जुना संच तेथे उतरवावा. आणि जे केवळ श्रम वाचविण्यासाठी होते ते खुशाल सोडावेत. इमारत दोन्ही बाजूंनी सारखी असली की अर्धाच आराखडा काढण्याची रीत होती; यंत्राला दुसरी बाजू फुकट पडते, मग गवंड्याला कोड्यात का टाकावे?

हे सारे कचेरीच्या मूळ साच्यात एकदाच भरावयाचे असते, आणि तेथेच जोखीम आहे. हाताच्या नकाशातील चूक एका पानावर राही. साच्यातील चूक प्रत्येक कामावर जाते. म्हणून तो साचा भरताना संगणक जाणणाऱ्या तरुणाच्या शेजारी नकाशा वाचणारा जुना माणूस बसला पाहिजे. आज अशी माणसे निवृत्त होऊन घरी आहेत. त्यांचे ज्ञान वहीत उतरले नाही, तर ते त्यांच्याबरोबरच जाईल.

वाचकहो, आपल्या घराचा नकाशा हाती आला की चार गोष्टी अवश्य पाहाव्यात. कागदाच्या मापात बसविण्यासाठी तो लहान करून छापलेला असेल, तर लिहिलेले प्रमाण खोटे ठरते. म्हणून त्यावर प्रमाणपट्टी छापून घ्यावी, आणि काम मोजून नव्हे, तर लिहिलेल्या मापांवरून करावयास सांगावे. काळ्या-पांढऱ्या झेरॉक्समध्ये रंगांचा अर्थ हरवतो. तो शब्दांनीही लिहून घ्यावा. दुरुस्तीची तारीख पाहावी, कारण जुनी प्रत कामावर राहिली तर नवी असून नसल्यासारखी. आणि मापे गवंड्याकडून मोठ्याने वाचून घ्यावीत. कागदावरील २३० मिलिमीटर म्हणजे त्याची नऊ इंची भिंत. तो इंच आणि सूत यांत विचार करतो. नकाशा त्याला कळला, तरच मानक पाळले गेले असे म्हणता येईल.