फेफरे येणारा कुत्रा आणि घरातले घड्याळ

पाचोडच्या परिसरात कुत्रा पाळणे ही हौस नव्हे. मोसंबीच्या बागेला, गोठ्याला, दाराला राखण म्हणून तो असतो आणि शिळ्या भाकरीवर इमानाने राहतो. अशा कुत्र्याला एके दिवशी फिट येते. तो आडवा पडतो, पाय झाडतो, तोंडाला फेस येतो. कोणीतरी ओरडतो, "पिसाळला!" आणि काठ्या निघतात. असा जीव हकनाक जाऊ नये, एवढ्यासाठी आम्ही हे लिहीत आहोत.

फेफऱ्याचा झटका बहुधा एक-दोन मिनिटांत थांबतो. मग कुत्रा थोडा वेळ भांबावल्यासारखा फिरतो, भिंतीला धडकतो आणि पूर्ववत होतो. पिसाळलेला कुत्रा मात्र दिवसागणिक खालावतो आणि साधारण १० दिवसांत मरतो. तरीही रेबीजची लस न टोचलेल्या कुत्र्याला पहिलाच झटका आला, तर लाळेला हात न लावता पशुवैद्यकीय डॉक्टरांना बोलवावे. कोणाला चावला असेल तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवून लगेच लस घ्यावी.

झटका चालू असताना नाकाला कांदा किंवा चप्पल लावू नये. तोंडात चमचा, बोट घालू नये. कुत्रा जीभ गिळत नाही, आपले बोट मात्र तुटते. फक्त घड्याळ बघावे. ५ मिनिटांच्या वर झटका चालला किंवा एका दिवसात दुसरा आला, तर दवाखाना गाठावा.

फेफरे मुळापासून जात नाही, आटोक्यात राहते. त्यावर फेनोबार्बिटोन नावाची गोळी देतात. हे माणसांचेच औषध. १९१२ साली जर्मन डॉक्टर हाउप्टमान यांनी ते फेफऱ्यावर वापरले, आजही ते चालते. गोळी महाग नाही. अवघड आहे ती वेळ. सकाळी ७ ला दिली तर रात्रीही ७ लाच द्यावी लागते. आई कापूस वेचायला, बाप कामावर, अशा घरात हे काम कोणाचे ते आधी ठरवावे. आमच्या मते शाळकरी मुलीमुलांइतके हे चोख कोणी करीत नाही. ऊसतोडीला जाताना कुत्रा मागे राहणार असेल, तर शेजारच्या मावशींकडे गोळ्यांसह सोपवून जावे. दोन महिने फिट आली नाही म्हणून मनानेच गोळी बंद केली, की पूर्वीपेक्षा जोरदार झटके येतात. माणसाची गोळी अंदाजाने मोडून देणे तर नकोच.

या गोळीने भूक फार लागते. कुत्रा भाकरी पळवतो म्हणून त्याला मारू नये, आणि दया येऊन जास्तही घालू नये, वजन वाढते. ब्रोमाइडचे औषध चालू असेल तर जेवणातले मीठ रोज सारखे हवे. एक दिवस सुकट-बोंबील आणि दुसऱ्या दिवशी अळणी, असे केल्यास औषधाचा मेळ बिघडतो.

गळ्यातली साखळी काढून छातीचा पट्टा बांधावा, कारण झटक्यात साखळीचा फास बसतो. बिनकठड्याची विहीर, जिना, चूल यांपासून लांब ठेवावे. जयंतीचा डीजे असो की लग्नाची वरात, त्या रात्री आतल्या खोलीत पाणी ठेवून निजवावे.

कपाशीवर फवारणी चालू असताना पहिल्यांदाच फिट आली, तर ते विषही असू शकते. औषधाची बाटली डॉक्टरांना दाखवावी. एरवी एका वहीत तारीख, वेळ आणि किती मिनिटे, एवढे टिपावे, जमल्यास मोबाइलवर चित्रण करावे. डॉक्टर पहिल्यांदा तेच विचारतात.