दोन राष्ट्रांचे खेळाडू

फुटबॉलच्या विश्वचषकाचा अंतिम सामना दोन निरनिराळ्या राष्ट्रांकडून खेळलेला खेळाडू आजवर एकच झाला. त्याचें नांव लुइस माँटी. १९३० सालीं माँटेव्हिडिओ येथें तो अर्जेंटिनाच्या संघांत होता. त्या सामन्यांत उरुग्वेनें अर्जेंटिनाचा ४-२ असा पराभव केला. पुढें १० जून १९३४ रोजीं रोम येथें तोच माँटी इटलीच्या बाजूनें मैदानांत उतरला, आणि इटलीनें चेकोस्लोव्हाकियावर २-१ असा विजय मिळविला. त्या दिवशीं इटलीला बरोबरी साधून देणारा ऑर्सी हाहि मूळचा अर्जेंटिनाचाच.

हें घडलें कसें? एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून लक्षावधि इटालियन लोक पोटासाठीं दक्षिण अमेरिकेंत जाऊन राहिले. त्यांचीं मुलें-नातवंडें तेथेंच जन्मलीं. परंतु इटलीचा कायदा जन्मभूमीपेक्षां रक्ताच्या नात्यास महत्त्व देई. अशा वंशजांस इटलींत ‘ओरिउंदी’ म्हणत. त्यांतील कुशल खेळाडूंस इटालियन क्लबांनीं बोलावून घेतलें, व राष्ट्रीय संघाचे सूत्रधार व्हित्तोरिओ पोझ्झो यांनीं त्यांस संघांत स्थान दिलें. ज्यांना इटलीसाठीं रणांगणावर प्राण देणें भाग आहे, त्यांना इटलीसाठीं खेळण्याचा अधिकार कां नसावा, असा पोझ्झो यांचा सवाल होता.

या युक्तिवादाची परीक्षा लवकरच झाली. १९३४ च्या उपांत्य सामन्यांत ऑस्ट्रियाविरुद्ध एकमेव गोल करणारा एन्रिके ग्वाइता हाहि ओरिउंदीच. १९३५ सालीं अबिसीनियाच्या युद्धाचे वारे वाहूं लागतांच, सैन्यांत भरती व्हावें लागेल या भीतीनें, तो दोघां सोबत्यांसह इटली सोडून गेला. १९३७ सालीं तो पुन्हां अर्जेंटिनाकडून खेळला. नागरिकत्व म्हणजे नुसता संघाचा पोषाख नव्हे, हें यावरून ध्यानांत येतें.

तरीहि अशीं स्थित्यंतरें चालूच राहिलीं. दि स्तेफानो अर्जेंटिनाकडून खेळून नंतर स्पेनचा झाला. हंगेरीसाठीं ८४ गोल करणारा पुश्काश १९६२ च्या विश्वचषकांत स्पेनकडून उतरला. तेव्हां ‘फिफा’ या जागतिक संस्थेनें निर्बंध कडक केले. एका राष्ट्राच्या मुख्य संघाकडून अधिकृत स्पर्धेंत खेळलेल्या खेळाडूस दुसऱ्या राष्ट्राचें द्वार बंद झालें.

परंतु कडक नियमानेंहि कोणावर तरी अन्याय होतोच. मुनीर एल हद्दादी हा स्पेनमध्यें मोरोक्कन कुटुंबांत जन्मला. २०१४ सालीं, वयाच्या एकोणिसाव्या वर्षीं, तो एका सामन्यांत अखेरचीं कांहीं मिनिटें स्पेनकडून खेळला. पुढें स्पेननें त्यास कधींच बोलाविलें नाहीं, आणि मोरोक्कोकडून खेळण्याची वाटहि बंद झाली. क्रीडा-लवादानें २०१८ सालीं त्याची मागणी फेटाळली. २०२० सालीं मात्र नियम सैल झाला. वयाचीं एकवीस वर्षें पुरीं होण्यापूर्वीं तीनपेक्षां अधिक सामने खेळला नसेल, विश्वचषकाच्या मुख्य स्पर्धेंत उतरला नसेल, आणि शेवटच्या सामन्यास तीन वर्षें लोटलीं असतील, अशा खेळाडूस कांहीं अटींवर राष्ट्र बदलतां येऊं लागलें. त्यानुसार २०२१ मध्यें मुनीर मोरोक्कोकडून खेळला.

भारतांत हा प्रश्न अधिकच अवघड आहे. कारण येथील कायदा दुहेरी नागरिकत्व मान्य करीत नाहीं. भारतीय पिता व जपानी माता यांच्या पोटीं जपानांत जन्मलेला इझुमी अराता मुंबईच्या महिंद्र युनायटेड व पुण्याच्या पुणे एफ. सी. या संघांतून खेळला. भारताकडून खेळतां यावें म्हणून त्यानें जपानचें नागरिकत्व सोडलें, आणि २०१३ सालीं त्याची इच्छा पुरी झाली.

माँटीस दोन्ही देश लाभले. मुनीरला सात वर्षें एकहि राष्ट्रीय संघ मिळेना. अरातास एकाच्या मोबदल्यांत दुसरा स्वीकारावा लागला. मनुष्याचें मन एकाच वेळीं दोन देशांत नांदूं शकतें. मैदानावर मात्र त्यास एकाचीच बाजू घ्यावी लागते. ती निवड किती वेळां आणि कोणत्या वयापर्यंत बदलूं द्यावी, एवढेंच नियमांना ठरवितां येतें.