स्ट्रेचरवरून खाटेवर

सिडनीच्या पश्चिमेकडच्या एका रुग्णालयात मी इमर्जन्सीची नर्स आहे. रुग्णवाहिकेतले पॅरामेडिक स्ट्रेचर घेऊन आत येतात आणि पेशंट त्यांच्या हातून आमच्या हाती येतो. तेव्हा जे सांगितलं जातं त्याला आम्ही हँडओव्हर म्हणतो. मिनिटभराचं बोलणं, पण पेशंट घरात कसा सापडला, गाडीत काय बदललं हे पाहिलेलं असतं फक्त त्यांनीच.

ज्याच्या त्याच्या पद्धतीने सांगितलं की गोष्टी सुटतात. नर्स मध्येच विचारते, सांगणाऱ्याचा धागा तुटतो. संशोधक रिक इडेमा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी न्यू साउथ वेल्समधल्या दोन इमर्जन्सी विभागांत असे हँडओव्हर चित्रित केले आणि ते पॅरामेडिक-नर्सनाच दाखवले. त्यांच्याच बोलण्यातून एक क्रम ठरला, ‘आयमिस्ट-अँबो’. २०१२ साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला. या क्रमामुळे पुनरुक्ती आणि प्रश्न, दोन्ही कमी झाले.

ऐकायला तो असा असतो: “७२ वर्षांचे गृहस्थ. तासाभरापासून छातीत दुखतंय, डाव्या हातात कळ. रक्तदाब १५० वर ९०. अ‍ॅस्पिरिन ३०० मिलिग्रॅम दिली, जिभेखाली स्प्रे मारल्यावर दुखणं उतरलं.” मग अ‍ॅलर्जी, रोजची औषधं, जुने आजार आणि उरलेलं काही. तोवर मी हातातलं काम थांबवून बोलणाऱ्याकडे बघते. ऐकणं हेही उपचाराचंच काम आहे, असं मी मानते.

त्यावरून मी ट्रायाजची, म्हणजे कुणावर किती लवकर उपचार करायचे याची, श्रेणी ठरवते. पाच श्रेणींपैकी दुसरीतल्या पेशंटवर १० मिनिटांत उपचार सुरू व्हायला हवेत. पण वॉर्ड भरलेले असले की खाट मिळत नाही, पॅरामेडिक पेशंटसह कॉरिडॉरमध्ये ताटकळतात, आणि तेवढा वेळ ती गाडी दुसऱ्या कुणाच्या हाकेला जाऊ शकत नाही.

इथल्या आपल्या मराठी घरांतून येणारे हँडओव्हर अडतात ते औषधांपाशी. भारतातून आलेले आईबाबा म्हणतात, “ती छोटी पांढरी गोळी.” इकोस्प्रिन म्हणजे अ‍ॅस्पिरिन, हे मला कळतं, शेजारच्या सहकारी नर्सला नाही. रक्त पातळ करणारी गोळी कळली नाही, तर डोक्याला मार लागलेल्या माणसाच्या बाबतीत ते जिवावर बेतू शकतं.

म्हणून आईबाबांच्या औषधांची मूळ नावं, डोस, अ‍ॅलर्जी आणि झालेली ऑपरेशनं इंग्रजीत एका कागदावर लिहा, फ्रिजवर लावा आणि ०००ला फोन करून बोलावलेल्या पॅरामेडिकच्या हातात तो कागद द्या. हे आजच करा.